गच्चीवरून काढलेलं लग्न

मे २०२१. लोणंदजवळच्या एका वाडीत, घराच्या अंगणात लग्न होतं. मुलीचे वडील वहीचं पान घेऊन माझ्यापुढं उभे राहिले. पानावर नावं लिहिलेली, काही खोडलेली, काही पुन्हा लिहिलेली. म्हणाले, "दादा, राग मानू नका. तुम्हाला धरून पंचवीस होत्यात. आत्या तेवढी ऱ्हातीय."

२२ एप्रिलच्या रात्री आठपासून राज्यात नवा नियम लागला होता. लग्नाला पंचवीस माणसं, सगळं दोन तासांत उरकायचं, मोडलं तर पन्नास हजार दंड. एवढ्या दंडाच्या धास्तीनं लोक भटजीलाही मोजत होते आणि मलाही. पाठीशी उभा राहायला मुलीचा मामा हवा, कान पिळायला भाऊ हवा, करवली हवी. आत्याला विधीत काम नाही, म्हणून ती गळली. पण त्या पोरीला लहानपणी सांभाळलं होतं ते तिनंच.

मी शेजारच्या घराची गच्ची मागून घेतली. सत्तर-दोनशेची लेन्स लावून कठड्यापाशी बसलो आणि माझी जागा आत्याला दिली. वरून चेहरे मिळेनात. फेटे, मुंडावळ्या, डोक्यावरचे पदर, अक्षता टाकणारे हात. ज्या क्लोज-अपवर आमचा अल्बम उभा राहतो, ते जवळपास नव्हतेच. पण सबंध अंगण एका फ्रेममध्ये येत होतं. लांब लांब मांडलेल्या खुर्च्या, त्यांच्यामधली रिकामी जमीन, आणि मंडपाच्या टोकाला डोळ्यांना पदर लावून उभी असलेली आत्या. पंचवीस वर्षं लग्नाच्या ऑर्डरी घेतोय. एवढा खरा फोटो माझ्याकडून क्वचितच निघाला.

आमचं वर्ष तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतं आणि आषाढी एकादशीला मिटतं, त्यातही खरी कमाई पाडव्यानंतरची. २०२० साली देशभराची टाळेबंदी लागली तो दिवस २५ मार्च, म्हणजे नेमका गुढीपाडवा. त्याच्या दोनच दिवस आधी जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या होत्या. लोणंदपासून नीरा सात-आठ किलोमीटर, पण नदीच्या पलीकडं पुणे जिल्हा. ज्या पुलावरून आपण दिवसातून दोनदा जातो तो जिल्ह्याची हद्द आहे, हे एरवी आठवतंय कुणाला? पलीकडच्या ऑर्डरी गेल्याच, अलीकडच्याही एकेक करून गेल्या. घेतलेले ॲडव्हान्स मी परत केले. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार अत्यावश्यक सेवेत होते, त्यांना ओळखपत्रावर फिरता येई. गावातला स्टुडिओवाला त्या यादीत नव्हता. त्यावर माझी तक्रार नाही, माणसं मरत होती. पण त्यामुळं एक गोष्ट घडली. शहरांतले ओस रस्ते टिपले गेले आणि आमच्यासारखी गावं सुटली.

पालखीचंच घ्या. नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान घातलं की पालखी सातारा जिल्ह्यात शिरते आणि पहिला मुक्काम लोणंदला करते. त्या वर्षी १३ जूनला आळंदीहून प्रस्थान झालं ते मोजक्या माणसांत. पादुका तिथंच थांबल्या आणि ३० जूनला एसटीनं पंढरपूरला गेल्या. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः गाडी चालवत महापूजेला गेले. ते स्वतः छायाचित्रकार, आकाशातून टिपलेल्या वारीचं 'पहावा विठ्ठल' हे त्यांचं पुस्तक आहे. त्या वर्षी ते हेलिकॉप्टरमधून वारीवर गेले असते, तर खाली त्यांना काय दिसलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पालखी एरवी गावात असते त्या दिवसांत एका सकाळी मी तळावर गेलो. तोवर दुकानं उघडू लागली होती, थोडं फिरता येत होतं. ओली जमीन, एक कुत्रं, कडेला चहाची बंद टपरी. तिथं पाऊल ठेवायला जागा नसते, दिंड्यांचे तंबू दोरीला दोरी लावून उभे असतात. कॅमेरा काढला आणि सात फोटोंवर थांबलो. कोण घेणार हे फोटो, असं वाटलं. आज त्या सातांपुढं सत्तर का काढले नाहीत, याचा मला मनापासून पस्तावा होतो.

तशीच चूक मास्कची. माणसं फोटोपुरता मास्क हनुवटीवर ओढत आणि मीही "जरा खाली घ्या" म्हणायचो. चेहरा दाखवणं हाच माझा धंदा, आणि माझ्या त्या सवयीपायी समोरचा धोक्यात येत होता. गच्चीवरच्या लग्नानंतर मी ते म्हणणं सोडलं. मास्कमधला नवरदेव डोळ्यांनी हसतो. फक्त त्याला थोडा वेळ द्यावा लागतो, बटण लगेच दाबून चालत नाही.

२०२२ च्या जूनमध्ये वारी पुन्हा पायी निघाली. दोन वर्षांपूर्वी उभा होतो तीच जागा शोधायला मी तळावर गेलो, पण गर्दीत ती सापडेना. शेवटी टपरीच्या खुणेनं सापडली. तिथं एका दिंडीचं पिठलं शिजत होतं.

लोणंद, फलटण, शिरवळ, वाई इथल्या माझ्या भाऊबंदांना एक सांगणं आहे. तुमच्याकडंही त्या दोन वर्षांतले असे फोटो असतील. दहा माणसांचं लग्न, दाव्यांना बैल नसलेला बाजार, कुलपातली शाळा. गिऱ्हाईक नाही म्हणून ते जुन्या हार्ड डिस्कवर पडून आहेत, आणि हार्ड डिस्क न सांगता जाते. तारीख आणि ठिकाण लिहून त्यांच्या दोन प्रती करा, एक आपल्या गावच्या वाचनालयात द्या. माझे सात मी या आठवड्यात देतोय. गच्चीवरच्या फोटोसाठी त्या घरी विचारलं. मुलीचे वडील म्हणाले, "द्या की. पण आत्याला आधी मोठा करून द्या."