विश्लेषण : ट्रॅकवर गाडी आपटली, तर विमा मिळतो का?

रविवारी पहाटे निघायचे, लोणावळ्यात नाश्ता करायचा आणि दुपारच्या आत घरी परतायचे, हा कारमालकांच्या क्लबांचा ठरलेला कार्यक्रम. त्याच्या जोडीला आता ‘ट्रॅक डे’ची भर पडू लागली आहे. रेसिंग ट्रॅक दिवसभरासाठी भाड्याने घ्यायचा आणि सभासदांनी आपापल्या रोजच्या गाड्या तिथे मनसोक्त पळवायच्या, अशी ही कल्पना. वेगाची हौस सार्वजनिक रस्त्याऐवजी बंदिस्त ट्रॅकवर भागवणे केव्हाही चांगले. पण ट्रॅकच्या फाटकातून आत शिरताच गाडीचा नेहमीचा विमा बहुतांशी बाहेरच राहतो, हे अनेकांना अपघात झाल्यावरच कळते. हा दिवस आखायचा कसा, विम्यातील फटी कुठे आहेत आणि काही विपरीत घडल्यास जबाबदारी कोणाची, याविषयी...

ट्रॅक डे म्हणजे शर्यत का?

नाही. शर्यतीत क्रमांक असतो, वेळेची नोंद असते, बक्षीस असते. ट्रॅक डेमध्ये यांपैकी काहीच नसावे, हा मूळ संकेत आहे. चालकांचे अनुभवानुसार नवखे, मध्यम आणि सराईत असे गट केले जातात. प्रत्येक गटाला आळीपाळीने साधारण १५ ते २० मिनिटांची फेरी मिळते. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर आणि तेही पुढच्या चालकाने हाताने किंवा इंडिकेटरने वाट दिल्यावरच करायचे असते. वळणावर घुसणाऱ्याला काळा झेंडा दाखवून बाहेर बोलावले जाते.

हा फरक केवळ खिलाडूवृत्तीचा नाही, पैशांचाही आहे. विमा पॉलिसीत ‘ऑर्गनाइज्ड रेसिंग’ आणि ‘स्पीड टेस्टिंग’ हे दोन वेगवेगळे अपवाद आहेत. क्लबने लॅप टाइमचा तक्ता लावला, सर्वांत वेगवान सभासदाला करंडक दिला किंवा समाजमाध्यमांवर ‘आमची रेस’ म्हणून जाहिरात केली, तर ‘ही शर्यत नव्हती’ हा स्वतःचाच बचाव तो कमकुवत करतो.

असे ट्रॅक कुठे आहेत?

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे. सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा हा ट्रॅक आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणून ओळखला जातो. कोइम्बतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे सुमारे २.१ किलोमीटरचा आहे. ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट पाच किलोमीटरहून थोडे लांब असून तिथे २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या.

मुंबई किंवा पुण्याहून यांपैकी कुठेही जायचे तर हजार किलोमीटरहून अधिक प्रवास आहे. त्यामुळे जवळची धावपट्टी किंवा मोकळे मैदान भाड्याने घेण्याचा मोह होतो. मात्र जिथे गाडी घसरल्यास थांबायला जागा, टायरांच्या भिंती आणि मार्शलसाठी सुरक्षित ठिकाणे नाहीत, तिथे भाड्यात वाचलेल्या पैशांच्या बदल्यात जोखीम विकत घेतली जाते. विमा कंपनीही सर्वप्रथम जागेविषयीच विचारते.

नेहमीची पॉलिसी ट्रॅकवर का चालत नाही?

खासगी कारच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असे एक कलम असते. २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफपासून त्याचा मजकूर जवळपास तोच आहे. भाड्याने वापर, मालवाहतूक, ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल यांसाठी गाडी वापरल्यास पॉलिसी लागू होत नाही. ‘झिरो डेप’ किंवा ‘इंजिन प्रोटेक्ट’सारखी जोड-कवच घेतली म्हणून यात फरक पडत नाही. ती मूळ पॉलिसीवर उभी असतात. मूळ पॉलिसीच लागू नसेल तर तीही लागू होत नाहीत.

घरून ट्रॅकपर्यंतचा आणि परतीचा प्रवास मात्र साध्या प्रवासातच मोडतो. तिथे पॉलिसी चालू असते. म्हणूनच ट्रॅकवर आपटलेली गाडी महामार्गावर आणून ‘अपघात इथेच झाला’ असे सांगण्याचा सल्ला क्लबांमध्ये कुजबुजत दिला जातो. गाडीतील इलेक्ट्रॉनिक नोंदी, सभासदांनी टाकलेले व्हिडीओ आणि टोलच्या वेळा पाहता हे लपणे अवघड. शिवाय ती सरळ फसवणूक ठरते. दावा फेटाळला जातोच, वर फौजदारी गुन्ह्याची टांगती तलवार राहते.

रॅलीसाठी टॅरिफमध्ये एक वेगळी सोय आहे. ३१ क्रमांकाच्या जोडकलमानुसार जादा हप्ता भरून ठरावीक रॅलीपुरते संरक्षण वाढवून घेता येते. पण त्या कलमातही रेसिंग, पेस मेकिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलेच आहे. म्हणजे क्लबच्या ट्रेझर हंटला किंवा वेळ-वेग-अंतर रॅलीला त्याचा उपयोग आहे, ट्रॅक डेला नाही.

थर्ड पार्टी विम्याचे काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरायचे तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. ट्रॅक ही खासगी जागा असल्याने तिथे ही सक्ती लागू नाही, असे वरवर वाटते. पण ‘सार्वजनिक ठिकाण’ या संज्ञेचा अर्थ न्यायालयांनी अनेकदा व्यापक लावला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्ये, जुन्या मोटार वाहन कायद्याच्या संदर्भात, लोकांना नियंत्रित प्रवेश असलेल्या खासगी जागाही विम्याच्या प्रकरणापुरत्या यात येतात, अशी भूमिका घेतली होती. तिकीट किंवा पास देऊन प्रेक्षकांना आत सोडले की हा प्रश्न उभा राहू शकतो.

तरीही विमा कंपनीकडे दुसरा बचाव उरतोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १५० मध्ये असलेल्या तरतुदीनुसार, पॉलिसीत ऑर्गनाइज्ड रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळले असेल तर त्या आधारे कंपनी न्यायाधिकरणापुढे जबाबदारी नाकारू शकते. कंपनीचा हा बचाव टिकला, तर जखमी मार्शलच्या किंवा प्रेक्षकाच्या भरपाईचा बोजा चालकावर आणि आयोजकांवर येतो.

आरोग्य विमा तरी मिळतो का?

येथे परिस्थिती थोडी बरी आहे. विमा नियामक ‘आयआरडीएआय’ने आरोग्य विम्यातील अपवादांची भाषा प्रमाणित केली आहे. साहसी खेळांच्या अपवादात मोटर रेसिंगचा उल्लेख आहे. पण ‘व्यावसायिक म्हणून’ सहभागी झाल्यास, अशी अट त्यात आहे. हौशी सभासदाच्या रुग्णालयाच्या खर्चाचा दावा केवळ या कलमावर बोट ठेवून फेटाळणे म्हणूनच सोपे नाही.

वैयक्तिक अपघात विम्याचे मात्र तसे नाही. अनेक पॉलिसींत हौशी-व्यावसायिक असा भेद न करता शर्यती आणि साहसी खेळ वगळलेले असतात. कारच्या पॉलिसीसोबत येणारे मालक-चालकाचे १५ लाखांचे अपघात संरक्षणही त्याच वापराच्या मर्यादांना बांधलेले आहे. मुदत विमा घेताना अर्जात धोकादायक छंदांविषयी विचारलेले असते. तिथे ‘नाही’ लिहून नंतर दर दोन महिन्यांनी ट्रॅकवर जाणाऱ्याच्या कुटुंबाला पुढे उत्तरे द्यावी लागू शकतात.

क्लबची जबाबदारी कुठपर्यंत?

हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. अनेक क्लब म्हणजे प्रत्यक्षात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतात. नोंदणी नाही, घटना नाही, बँक खाते एखाद्या सभासदाच्या नावे. नोंदणी नसलेल्या अशा गटाला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसते. ट्रॅकचा करार ज्याने सही केला, पैसे ज्याच्या खात्यात जमा झाले, तोच आयोजक ठरण्याची शक्यता असते. हौसेने पुढाकार घेणाऱ्या सभासदाचे घरदार त्यामुळे पणाला लागू शकते. संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी केल्यास किंवा कंपनी स्थापन केल्यास करार आणि विमा संस्थेच्या नावे घेता येतो. अर्थात, निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास पदाधिकारी त्यामुळे मोकळे सुटत नाहीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

‘सगळे काम इव्हेंट कंपनीकडे दिले होते’ हा बचावही पुरत नाही. मीरत येथे २००६ मध्ये एका ग्राहकोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनाला लागलेल्या आगीत ६५ जणांचा मृत्यू झाला. मंडप उभारणाऱ्या कंत्राटदाराकडे बोट दाखवणाऱ्या आयोजकांचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अमान्य केला आणि भरपाईची ६० टक्के जबाबदारी आयोजकांवर, तर ४० टक्के राज्य सरकारवर टाकली. लोकांना बोलावणाऱ्याने त्यांच्या सुरक्षेची काळजी घ्यायची असते, हे तत्त्व ट्रॅकलाही तितकेच लागू पडते.

हमीपत्रावर सही घेतली की पुरते?

‘माझ्या जबाबदारीवर गाडी चालवत आहे’ असे हमीपत्र प्रत्येक ट्रॅक डेला भरून घेतले जाते. त्याचा उपयोग आहे. चालकाला धोक्याची कल्पना होती आणि त्याने तो स्वेच्छेने पत्करला, एवढे त्यातून दिसते. वळणावर वेगाचा अंदाज चुकून गाडी भिंतीवर गेली, तर ते कामी येईल. पण रुग्णवाहिका नव्हती, तेल सांडलेले असूनही फेरी सुरू ठेवली किंवा नवख्यांना सराईतांच्या गटात सोडले, तर हमीपत्र ही ढाल ठरत नाही. धोका पत्करणे म्हणजे आयोजकाचा हलगर्जीपणा पत्करणे नव्हे. मार्शल, प्रेक्षक किंवा शेजारी बसलेला मित्र यांनी सही केलेलीच नसेल, तर त्यांच्यापुरता तो कागद कोराच.

धोका किती खरा आहे, याची आठवण चेन्नईच्या ट्रॅकने २०२३ मध्ये दोनदा करून दिली. जानेवारीत कारच्या शर्यतीत ज्येष्ठ चालक के. ई. कुमार यांचा, तर ऑगस्टमध्ये दुचाकींच्या शर्यतीत अवघ्या १३ वर्षांच्या स्पर्धकाचा मृत्यू झाला. या दोन्ही परवानाधारकांच्या अधिकृत स्पर्धा होत्या. पहिल्यांदाच हेल्मेट घातलेल्या सभासदांच्या मेळाव्यात व्यवस्था त्याहून ढिली असून कसे चालेल?

इतर देशांत काय व्यवस्था आहे?

ब्रिटनमध्ये एका दिवसापुरता ट्रॅक डे विमा मिळतो. गाडीची किंमत आधी ठरवली जाते आणि नुकसानीचा पहिला हिस्सा मालकाने सोसायचा असतो. समजा गाडी २० लाखांची आणि हा हिस्सा १० टक्के असेल, तर पहिले दोन लाख रुपये मालकाचे. म्हणजे बंपर-हेडलाइटसाठी हा विमा नाही. गाडी पुरती निकामी झाली तर आधार म्हणून आहे.

युरोपात हा वाद एका ट्रॅक्टरपासून सुरू झाला. स्लोव्हेनियात शेतघराच्या अंगणात मागे येणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रेलरच्या धक्क्याने शिडीवरचा माणूस पडला. २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने, वाहनाच्या नेहमीच्या स्वरूपाच्या वापराला खासगी जागेतही सक्तीचा विमा लागू होतो, असा निकाल दिला. त्यामुळे रेसिंग ट्रॅकही सक्तीच्या विम्याच्या कक्षेत येतील, अशी धास्ती पसरली. ब्रिटनने २०२२ मध्ये कायदा करून हा निकाल स्वतःपुरता बाद केला. युरोपीय महासंघाने २०२१ च्या निर्देशात मधला मार्ग काढला. बंदिस्त जागेतील मोटर स्पोर्टला सक्तीच्या विम्यातून वगळता येईल. मात्र प्रेक्षक आणि इतर त्रयस्थांच्या नुकसानीसाठी आयोजकाने किंवा अन्य कोणी पर्यायी विमा वा हमी घेतलेली असली पाहिजे. चालक आणि त्यांच्या गाड्यांना ते संरक्षण असलेच पाहिजे, असे नाही. आपल्याकडे अशी स्पष्ट विभागणी नाही. देशातील मोटर स्पोर्टची शिखर संस्था ‘एफएमएससीआय’ची नियमावली स्पर्धांसाठी आहे, स्पर्धा नसलेल्या ट्रॅक डेला ती आपोआप लागू होत नाही.

मग क्लबने काय करावे?

पहिले, त्रयस्थांसाठी सार्वजनिक दायित्व विमा. इव्हेंटचा विमा काढून देणाऱ्या ब्रोकरमार्फत तो घेता येतो. त्यात क्लब, ट्रॅकचा मालक आणि इव्हेंट कंपनी या तिघांचीही नावे असावीत. कार्यक्रमाचे वर्णन ‘कार मीट’ असे गुळमुळीत न लिहिता ‘बंदिस्त ट्रॅकवर वेगात गाडी चालवणे’ असे स्पष्ट लिहावे. हप्ता वाढेल, पण दावा टिकेल. एका अपघातासाठी आणि एकूण मुदतीसाठी कमाल रक्कम किती, तसेच मार्शल व सभासद त्रयस्थ धरले आहेत का, हे लेखी विचारावे.

दुसरे, सहभागींसाठी गट अपघात विमा. त्यात ट्रॅकवर गाडी चालवणे समाविष्ट असल्याचे लेखी असावे. मार्शल आणि स्वयंसेवकांनाही त्यात घ्यावे. तिसरे, गाडीच्या नुकसानीबाबत सभासदांना आधीच स्पष्ट सांगावे की, तो खर्च बहुधा स्वतःच्या खिशातून होणार आहे. ट्रॅकचे गार्डरेल वाकले तर त्याचे बिलही चालकाकडून घेतले जाऊ शकते. कर्जाच्या गाडीचे हप्ते गाडी भंगारात गेली तरी थांबत नाहीत.

चौथे, दिवसाची शिस्त. सकाळी प्रत्येक गाडीची तपासणी : टायर, ब्रेक ऑइल, बॅटरीची पकड, टो हुक, चालकाच्या पायाखालचे सुटे मॅट आणि डिकीतील सामान बाहेर. सर्वांसाठी सक्तीची ब्रीफिंग. गैरहजर राहिलेल्याला ट्रॅकवर प्रवेश नाही. रुग्णवाहिका एखाद्याला घेऊन गेली, तर ती किंवा दुसरी येईपर्यंत ट्रॅक बंद. शेवटची फेरी हळू चालवून ब्रेक थंड करायचे. तपासणीचे तक्ते, ब्रीफिंगची हजेरी आणि सह्या जपून ठेवायच्या. पुढे काळजी घेतली होती हे सिद्ध करायला हीच कागदपत्रे लागतात.

आयोजनाचा खर्च यामुळे वाढतो. पण विमा, रुग्णवाहिका आणि मार्शल यांचा खर्च प्रवेशशुल्कात बसत नसेल, तर तो ट्रॅक डे क्लबला परवडणारा नाही, असाच त्याचा अर्थ घ्यावा लागेल.