यंत्राजवळचे चार तास

माझे थोरले बंधू बडोद्यास राहतात. रेल्वेच्या हिशेब खात्यातून ते निवृत्त झाले आणि पुढे चारच वर्षांत मधुमेहाने त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी केली. गेली तीन वर्षे सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या दिवशी ते सकाळी आठ वाजता घरून निघतात आणि दुपारी दोनच्या सुमारास परततात. मधले चार तास डायलिसिसच्या यंत्राशी जोडलेले. हे उपचार सुरू होऊन दोन महिने झाले असतील तेव्हा वहिनींच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि सोबतीचे काम माझ्याकडे आले. मी दीड महिना तेथे राहिले, अठरा वेळा त्यांच्याबरोबर गेले. त्या अठरा खेपांत जे पाहिले, आणि एक चूक जी माझ्या हातून घडली, तिच्याविषयी या वेळी लिहावयाचे आहे.

पहिल्या दिवशी मला भीती वाटली ती रक्ताची. हातातून एका सुईने रक्त बाहेर निघते, पारदर्शक नळ्यांतून फिरते आणि दुसऱ्या सुईने परत आत जाते. अंगातले सारे रक्त बाहेर आले आहे, असे पाहणाऱ्यास वाटते. वास्तविक एका वेळी शरीराबाहेर असलेले रक्त साधारण एका पेल्याएवढेच असते. मात्र ते इतक्या वेगाने फिरते की चार तासांत अंगातील सर्व रक्त दहा-बारा वेळा तरी गाळून निघते. गाळणी म्हणजे साधारण फूटभर लांबीचे एक नळकांडे. त्यात केसासारख्या बारीक हजारो पोकळ नळ्या असतात. त्यांच्या आतून रक्त वाहते आणि बाहेरून उलट दिशेने क्षारयुक्त शुद्ध पाणी. रक्तातील मळ पाण्यात उतरतो, रक्तपेशी आतच राहतात. एका बैठकीस असे सुमारे १२० लिटर पाणी लागते. निसर्गाने दिलेली मुठीएवढी दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, तेही आपल्या नकळत, हे त्या यंत्राची घरघर ऐकत बसल्यावर प्रथमच खऱ्या अर्थाने समजते.

हे यंत्र प्रथम घडविले ते हॉलंडमधील डॉ. विलेम कोल्फ यांनी. १९४३ साल, देश जर्मनांच्या ताब्यात, साहित्य मिळण्याची मारामार. तेव्हा त्यांनी मांसाच्या वळकट्यांसाठी वापरण्यात येणारी सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून काम भागविले. परंतु दर खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, म्हणून हा उपाय थोडे दिवसच चालत असे. १९६० साली अमेरिकेत सिॲटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहणारी नळी बसविली आणि जन्मभर डायलिसिस करणे शक्य झाले. १९६६ साली हातातील शीर व धमनी एकमेकींस जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाली. तिलाच आज सर्वत्र फिस्टुला म्हणतात. दादांच्या डाव्या मनगटावर ती आहे. बोट ठेवले की मांजर गुरगुरावे तशी थरथर लागते. रोज सकाळी उठताच ती थरथर पाहावयाची. लागली नाही तर त्याच घटकेस रुग्णालय गाठावयाचे. त्या हाताने जड पिशवी उचलावयाची नाही, त्यावर रक्तदाब मोजू द्यावयाचा नाही, तो उशाखाली घेऊन निजावयाचे नाही.

यंत्राचे असे, पण चार तासांचे काय? पहिला तास कसाबसा जातो. दुसऱ्यात माणूस छताकडे पाहू लागतो. तिसऱ्यात घड्याळाकडे. चौथ्यात पोटरीत गोळे येतात, थंडी वाजते, आणि मग प्रत्येक खाटेवरून एकच विनवणी ऐकू येते : आज थोडे लवकर सोडा. दादाही म्हणत. तंत्रज्ञ मुलगी तरुण होती, परंतु ती बधत नसे. तेव्हा मीच मध्ये पडले. “वयस्क माणूस आहे, अर्ध्या तासाने काय बिघडणार आहे?” असे म्हणून मी सोबतीची म्हणून सही केली आणि त्यांना सोडवून घेतले. पुढच्या खेपेस पुन्हा. तीन आठवडे हे असेच चालले, आणि बंधूंवर आपण उपकार करीत आहोत अशी माझी समजूत होती.

चौथ्या आठवड्यात नात्यातले लग्न आले. तो रविवार होता. शुक्रवारी साडेतीन तासांत उठलेले दादा मांडवात बसले. उन्हाळ्याचे दिवस, हातात एकामागून एक ताकाचे पेले, पानात लोणचे आणि पापड. रात्री अकराच्या सुमारास त्यांना आडवे होता येईना. उशांना टेकून बसले तरी धाप थांबेना, बोलताना वाक्य पुरे होईना. रिक्षाने रुग्णालयात नेले तेव्हा वजन साडेचार किलोंनी वाढलेले होते, आणि ते सारे पाणी. पहाटे दोन वाजता त्यांना यंत्रावर घेतले. डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला : शुक्रवारी किती तास झाले होते? मी उत्तर दिले. ते काही बोलले नाहीत, आणि तेच मला अधिक लागले.

त्यानंतर त्यांनी जे समजावून सांगितले ते सांगते, कारण सोबत करणाऱ्या पुष्कळांना ते ठाऊक नसते. यंत्र पाणी काढते ते रक्तातून. पण अंगात साठलेले पाणी रक्तात नसते, ते मांसपेशींत मुरलेले असते आणि हळूहळूच रक्तात परत येते. घाई केली तर रक्तदाब उतरतो, गोळे येतात. म्हणजे ज्या त्रासामुळे रोगी लवकर सुटू पाहतो, त्याचे कारण बहुधा वेळ जास्त झाला हे नसून पाणी जास्त साठले हे असते. पोटॅशियम आणि इतर मळ यांचेही तसेच; ते पेशींतून सावकाश बाहेर येतात. शिवाय शुक्रवार ते सोमवार हा आठवड्यातील सर्वांत लांब खंड. याच खंडाच्या अखेरीस हृदयाला धोका अधिक असतो, असे डॉक्टरांना दिसून आले आहे.

बुधवारी खाटेवर पडल्या पडल्या दादा मला म्हणाले, “अगं, मी हिशेब मांडून पाहिला. आठवड्याचा दीड तास, म्हणजे वर्षाचे ७८ तास. वर्षाकाठी साडेएकोणीस बैठका मी बुडवीत होतो. कचेरीत एखाद्या कारकुनाने असे केले असते तर मी त्याला सोडले नसते.” त्या दिवशी त्यांनी पुरे चार तास केले. पण चार तास काढावयाचे ठरविणे निराळे आणि ते काढणे निराळे.

येथे त्यांची नोकरीतील शिस्त कामास आली. त्यांनी तासांची वाटणी केली. पहिला तास कशाचाच नाही. सुया टोचल्या की डोळे मिटून पडावयाचे, कोणाशी बोलावयाचे नाही. दुसरा तास वर्तमानपत्राचा. डावा हात हलवावयाचा नसल्यामुळे पान उलटणे जमत नाही. म्हणून वहिनी ते सकाळीच पानापानांची चौघडी करून, क्रमाने लावून देतात. ही युक्ती क्षुल्लक वाटेल, पण एका हाताने वर्तमानपत्राशी झटणारा माणूस मी तेथे रोज पाहत असे, आणि दहा मिनिटांत तो कंटाळून ते खाली टाकीत असे. तिसरा तास वहीचा. तिच्याविषयी पुढे सांगते. चौथ्या तासासाठी त्यांनी नाट्यसंगीत राखून ठेवले. मोबाइलवर जुन्या गायकांची पदे, कानात लावून. ती आधीच्या तिन्ही तासांत ऐकावयाची नाहीत, असा त्यांचा कडक नियम. बहुतेक लोक आवडीची गोष्ट आरंभीच संपवितात आणि सर्वांत अवघड घटकेस हाती काही उरत नाही.

काही गोष्टी त्या खोलीतच शिकावयास मिळाल्या. पांघरूण घ्यावे, पण सुया टोचलेला हात सदैव उघडा ठेवावा. सुई निसटली तर ती दिसली पाहिजे. मोज्यांची एक जोडी पिशवीत असावी. मधून मधून पावले वर-खाली हलवावीत, डॉक्टरांनी परवानगी दिल्यास पायांचे हलके व्यायाम करावेत. जड जेवण यंत्रावर असताना करू नये, त्याने रक्तदाब उतरतो. रक्तदाबाची सकाळची गोळी त्या दिवशी केव्हा घ्यावी हेही विचारून ठेवावे. आणि वारंवार जांभया येऊ लागल्या, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधूक झाले, तर ‘आता संपेलच’ म्हणून गप्प राहू नये. दादांना त्या मुलीने सांगूनच ठेवले होते की, काका, दुसरी जांभई आली की मला हाक मारा.

आता वहीविषयी. रविवारच्या प्रकारानंतर दादांनी येतानाचे वजन, जातानाचे वजन, रक्तदाब आणि काढलेले पाणी यांची रकाने पाडून नोंद सुरू केली. शेजारच्या खाटेवर पादऱ्याजवळच्या खेड्यातून येणारे एक शेतकरी असत. त्यांनी आपलेही आकडे त्यात मांडावयास सांगितले. मग तिसऱ्यानेही सांगितले. महिनाभरात दादा सहा जणांची खाती सांभाळू लागले. पुढे अर्ज भरून देणेही त्यांच्याकडे आले. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना जिल्हा रुग्णालयांतून हे उपचार विनामूल्य मिळतात, आयुष्मान भारत योजनेतही त्यांचा समावेश आहे. परंतु कागदांपाशी अडलेला माणूस बसभाड्यासाठी उसनवारी करीत असतो. फिस्टुला डाव्या हातास असल्यामुळे लिहिण्याचा हात मोकळा होता. ‘तिसरा तास पुरत नाही,’ अशी तक्रार मी त्यांच्या तोंडून ऐकली, आणि मला हसूही आले व डोळ्यांत पाणीही.

बाहेर बाकावर बसणाऱ्यांचे चार तास कोणी मोजीत नाही. वहिनी डोळे बरे होताच पुन्हा बाकावर येऊन बसल्या. हातात थर्मास, नजर दाराकडे. मी त्यांना म्हटले, “वहिनी, आत दोन परिचारिका आहेत, तुमचा फोन नंबर त्यांच्याजवळ आहे, तुम्ही येथे बसून त्यांचे रक्त लवकर गाळले जाणार आहे काय?” त्यांना ते आवडले नाही. पुढे मात्र त्या आठवड्यातून एक दिवस मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊ लागल्या. सयाजीराव महाराजांनी १९१० साली उभारलेल्या या ग्रंथालयात मराठी पुस्तकेही आहेत. दुपारी परतताना रिक्षात दोघांना बोलावयास आता दुखण्याखेरीज दुसरा विषय असतो.

घरचे पथ्य हा स्वतंत्र विषय आहे. येथे इतकेच की तहानेचे मूळ मिठात आहे. पाणी मोजून देण्यापूर्वी लोणचे, पापड, फरसाण यांना आवर घालावा. प्यालेला व शरीरात राहिलेला प्रत्येक लिटर वजनात एक किलो होऊन दिसतो. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठ अशा रोग्यास देऊ नये, त्यात पोटॅशियम असते. आणि समाचारास येणाऱ्या पाहुण्यांना एक विनंती : शहाळे आणू नका. निरोग्यास अमृत असलेले ते पाणी पोटॅशियममुळे या रोग्याच्या हृदयास घातक ठरू शकते. केळी, संत्री यांचेही प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. कमरख हे फळ तर मुळीच नको.

बैठकीनंतरची दुपार दादा निजून काढतात. त्या दिवशी त्यांच्याकडे कोणी काम सांगत नाही, पाहुणे बोलावीत नाहीत. मंगळवारी आणि गुरुवारी मात्र भाजी तेच आणतात. वजनदार पिशवी उजव्या हातात.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या मुलीचे लग्न पुण्यास झाले. दादा येणार नाहीत असेच आम्ही धरून चाललो होतो. पण त्यांनी महिनाभर आधी पुण्यातील एका केंद्राशी पत्रव्यवहार केला, कावीळ व एचआयव्ही यांच्या ताज्या तपासण्यांचे कागद, औषधांची यादी आणि आपल्या वहीतील शेवटची चार पाने पाठविली, आणि बुधवारची वेळ ठरवून घेतली. ते मंगळवारच्या गाडीने आले. बुधवारी नेमके सीमांतपूजन होते. मी फोन करून विचारले, “दादा, आज साडेतीन तासांत उठता येईल का रे तुला?” पलीकडून उत्तर आले, “वराकडच्यांना चहा दे. मी साडेपाचला येतो.”