देशीपणाचा वेष आणि देशी विचार

हल्लीं आमच्या रंगभूमीवर एक नवें सोवळें माजलें आहे. एखादें नाटक चांगलें कीं वाईट, हें विचारण्याआधीं तें ‘आपलें’ कीं ‘परकें’, हें विचारलें जातें. आणि त्याची कसोटी तर इतकी सोपी कीं, आरंभीं गण झाला, मध्यें ढोलकी कडाडली, नटांनीं मुखवटे चढविले, कीं नाटक देशी ठरलें! या कसोटीस आमचा साफ विरोध आहे. राष्ट्राची ओळख ही कपडेपटाच्या पेटींतून काढून अंगावर चढविण्याची वस्तु नव्हे.

जिला आपण शुद्ध देशी परंपरा म्हणून मिरवितों, तिचा जन्मच मुळीं देवघेवींतून झाला. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं सांगलीस ‘सीता स्वयंवर’ केलें, त्याची प्रेरणा कर्नाटकांतून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची. १८८० सालीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें, तेव्हां कथा कालिदासाची, साकी-दिंडी कीर्तनाच्या घरची आणि प्रयोगाच्या थाटावर छाया पारशी मंडळ्यांची. चौकटीचा रंगमंच तर विलायतेचा. यांतील परकें तेवढें वेचून टाकूं म्हणणारानें आधीं सांगावें कीं, वेचून झाल्यावर ताटांत उरणार काय?

उलट, साधनें उसनीं असूनही नाटक राष्ट्राचें कसें होतें, याचा दाखला खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’नें १९०७ सालींच दिला. बांधणी पाश्चात्य वळणाच्या गद्य नाटकाची. पण कीचकांत प्रेक्षकांना कर्झनसाहेब दिसला आणि सैरंध्रीच्या विटंबनेंत देशाची विटंबना. सरकारासही तें दिसलें, म्हणून १९१० सालीं नाटकावर बंदी आली. त्या सरकारास भीति वाटली ती मुखवट्याची नव्हे, विचाराची. शत्रूस जें कळलें तें आमच्या अभिमान्यांस कळूं नये, ही खेदाची गोष्ट होय.

आतां दुसरी बाजू पाहूं. १९७२ सालीं पुण्यास विजय तेंडुलकरांचें ‘घाशीराम कोतवाल’ आलें. दशावतार, खेळे, कीर्तन, तमाशा यांचें रक्त ज्याच्या अंगांत खेळत आहे, जेथें गाणाऱ्या माणसांची रांगच पडद्याचें काम करते, असें हें नाटक. वेषावरूनच देशीपण ठरावयाचें, तर याहून देशी तें कोणतें? परंतु त्यानें सत्ता आणि नीति यांविषयीं अवघड प्रश्न विचारला मात्र, आणि तें समाजाची व इतिहासाची बदनामी करणारें ठरविलें गेलें. थोड्याच प्रयोगांनंतर तें थांबलें. पुढें दुसऱ्या संस्थेनें तें उभें केलें. १९८० सालीं युरोपास निघालें तेव्हां पुन्हां गहजब झाला. तात्पर्य, अभिमान्यांना हवी असते ती लोककलेची ढोलकी. तिच्या सोंगाड्याची जीभ नको असते. पण राजाला तोंडावर वेडा ठरविण्याची सोंगाड्याची मुभा, हाच तर आमच्या लोकनाट्यांतला खरा देशी विचार!

कोणी म्हणतील, ‘रूप आणि विचार वेगळे काढतांच येत नाहींत, देशी रूपाबरोबर देशी विचारही येतोच.’ या म्हणण्यांत तथ्य आहे. पण तें रूप कोणाच्या हातीं आहे, यावर सारें अवलंबून असतें. हबीब तन्वीर यांनीं छत्तीसगडच्या नाचाचे चार अलंकार उचलून शहरी नटांच्या गळ्यांत घातले नाहींत. त्यांनीं त्या खेड्यांतले नटच घेतले आणि त्यांना त्यांच्या बोलींत बोलूं दिलें. १९७५ चा ‘चरणदास चोर’ हें त्याचें फळ. कथा विजयदान देथा यांची, राजस्थानची, बोली छत्तीसगडी, आणि प्रश्न साऱ्या मनुष्यजातीचा: खोटें न बोलण्याचा पण पाळणाऱ्या चोराला राज्यांत जगतां येतें काय? येथें रूप माणसांसह आलें, म्हणून विचारही आला. १९८४ पासून कांहीं वर्षें संगीत नाटक अकादमीनें पारंपरिक रूपें वापरणाऱ्या तरुण दिग्दर्शकांस साहाय्य दिलें. हेतु स्तुत्य होता. परंतु अनुदानाच्या अर्जांत बसणारी परंपरा लौकरच ठराविक सांचा बनते, हा धोका त्या मार्गांत आहेच.

आणखी एक विसंगति पाहा. नाट्यप्रयोगांना वेसण घालणारा १८७६ चा इंग्रजी अमदानींतला मध्यवर्ती कायदा रद्द व्हावयास २०१८ साल उजाडलें. परकी म्हणून ज्या गोष्टींवर आम्ही तुटून पडतों, त्यांच्या यादींत हा कायदा सत्तर वर्षें कोणास आठवला नाहीं!

म्हणून वाचकांस आमची विनंती इतकीच कीं, नाटकास जातांना ढोलकीचे ठोके मोजूं नयेत. येथें बोलतो आहे कोण, कोणाच्या भाषेंत आणि कोणास जाब विचारण्यासाठीं, एवढें पाहावें. जें नाटक आपल्याच समाजास आपल्याच शब्दांत जाब विचारतें, तें कोट-पाटलोणींत असलें तरी आमचें आहे. जें केवळ पाठ थोपटतें, तें फेटा बांधूनही परकेंच.