तंजावरची वृद्ध पिढी आणि पडद्यावरील प्रश्नावली

पूर्वी बाजारपेठेची पाहणी करणारा दारी येई. घरातली बोली निदान त्याच्या कानी पडे. आता भ्रमणध्वनीवरील प्रश्नावली तंजावरच्या वृद्धांपुढे बहुधा तमिळ व इंग्रजी हे दोनच पर्याय ठेवते. व्यंकोजींच्या राज्यस्थापनेपासून, म्हणजे सुमारे १६७६ पासून, तेथे नांदणारी मराठी नोंदीबाहेरच राहते, आणि तीही नेमकी त्या पिढीची, जिच्या तोंडी ती अजून सकस आहे. देवनागरीची सोय केल्यानेही भागत नाही. या बोलीचे अनेक भाषक तमिळ लिपीच वाचतात. (सरस्वती महालातील मोडी कागद तर त्यांना त्याहून दूरचे.) तेव्हा उत्तर बोलूनच घेतले पाहिजे. ध्वनिमुद्रणाची सोय त्याच यंत्रात असते. ती टाळली जाते ती बहुधा मोजदाद जिकिरीची होते म्हणून. भाषाभ्यासकांनी मात्र ही सबब मान्य करू नये.