एक मिनिट, पण कुणाचं?

“दादा, एक मिनिट हं, आलेच!”

गेल्या पावसाळ्यात एका रात्री हे वाक्य मी फोनवर बोलले. खाली गेटवर जेवणाची पिशवी घेऊन एक मुलगा उभा होता. आमच्या सोसायटीत डिलिव्हरीवाल्यांना वर सोडत नाहीत. मी एका कॉलवर होते, तो संपवला. मग चप्पल शोधली, ओटीपी शोधला, लिफ्टची वाट बघितली. खाली पोचले तेव्हा तो गेटच्या पत्र्याखाली अर्धा भिजत उभा होता. पिशवी दिली, “थँक्यू मॅडम” म्हणाला, गेला.

वर येऊन सहज फोन बघितला. त्याचा कॉल ८:१४ ला आला होता आणि ‘तुमची ऑर्डर पोचली’ हा मेसेज ८:२५ ला. माझं एक मिनिट अकरा मिनिटांचं निघालं. त्याच्या आधी मी काय करत होते, तेही आठवलं. नकाशावरचा त्याचा ठिपका एका सिग्नलला तीन मिनिटं हलला नाही, म्हणून मी चिडून दोनदा ॲप उघडून बघितलं होतं.

तेव्हापासून हा ‘मिनिट’ शब्द माझ्या डोक्यात अडकून बसलाय.

आपल्याकडे एक लाडकं रडगाणं आहे : ‘आपल्या लोकांना वेळेची किंमतच नाही.’ मग पाठोपाठ जपानच्या ट्रेनचं उदाहरण येतं. फॅमिली ग्रुपवर हे दर महिन्याला फिरतं आणि आपण त्याला अंगठा देतो. माझं म्हणणं आहे की हे साफ खोटं आहे. आपल्या लोकांना मिनिटाची किंमत चांगलीच माहीत आहे. फक्त काहींना ती मोजावी लागते आणि काहींना ती बुडवता येते.

डोंबिवलीच्या किंवा विरारच्या प्लॅटफॉर्मवर सकाळी उभे राहा. तिथे कुणी ‘आठच्या सुमाराची गाडी’ म्हणत नाही. ‘आठ तेरा’ म्हणतात, ‘आठ एकोणीस’ म्हणतात. घरकाम करणाऱ्या ताईंना चार घरांची चार वेळापत्रकं तोंडपाठ असतात. माझ्या आईचं घड्याळ तर कुकरच्या शिट्ट्यांवर चालायचं. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद, तोवर पोळ्यांचा तवा तापलेला. या सगळ्यांना वेळेचं भान नाही म्हणायचं?

आता दुसरीकडे बघा. सत्काराचा कार्यक्रम सहाचा, पाहुणे साडेसातला. ऑफिसात साहेब केबिनमधून तर्जनी दाखवतात, ‘वन मिनिट’, आणि आपण दाराशी वीस मिनिटं फाईल धरून उभे. माझ्या पहिल्या नोकरीत अंगठा लावायचं मशीन होतं. तीनदा उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचे. मशीनला चार मिनिटांचा उशीर बरोबर कळायचा. संध्याकाळी ‘जरा दोन मिनिटं थांब’ म्हणून थांबवलं की रात्रीचे साडेआठ व्हायचे. ते मात्र त्या मशीनला कधीच कळलं नाही.

म्हणजे मिनिट दोन प्रकारचं आहे. खालून वर जाताना ते साठ सेकंदांचं असतं. वरून खाली येताना ते रबराचं होतं.

शब्दाचा जन्म तपासला तर गंमत वाटते. मिनिट हा इंग्रजीतून आला, तिथे लॅटिनमधून. मूळ अर्थ ‘बारीक केलेला भाग’. तासाचे पहिल्यांदा साठ भाग केले ते मिनिट, त्याचे दुसऱ्यांदा साठ केले ते सेकंद, म्हणजे शब्दशः ‘दुसरा’ भाग. इंग्रजीत त्याच अक्षरांचा, वेगळ्या उच्चाराचा शब्द आजही ‘अतिसूक्ष्म’ या अर्थाने वापरतात. बैठकीच्या नोंदींनाही इंग्रजीत ‘मिनिट्स’च म्हणतात. मेकॉलेने १८३५ मध्ये आपल्या शिक्षणाचं भवितव्य ज्या टिपणात लिहिलं, त्याचं नावही ‘मिनिट’च. कुणाचं बोलणं नोंदवायचं आणि कुणाचं सोडून द्यायचं हे त्या मिनिटातही वरचाच ठरवतो.

कित्येक शतकं युरोपातल्या घड्याळांना सहसा एकच काटा होता, तासाचा. ह्युगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ बनवलं, त्यानंतर घड्याळं इतकी नेमकी झाली की मिनिटाचा काटा लावण्यात अर्थ आला. मग कारखाने आले आणि त्या काट्याला मालक मिळाला.

आपल्याकडे काय होतं? घटका होती, चोवीस मिनिटांची. तिचे साठ भाग म्हणजे पळं. भोक पाडलेली वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की घटका भरली. बोलीत ती अजून शिल्लक आहे. ‘घटकाभर टेका की’ असं आजी म्हणायची, तेव्हा ती समोरच्याला वेळ द्यायची. ‘एक मिनिट’ म्हणून आपण समोरच्याकडून वेळ घेतो. पण म्हणून मी जुन्या काळाचे गोडवे गाणार नाही. घटकेच्या काळातही वाड्याच्या पायरीशी तासन्‌तास कोण बसायचं आणि ओसरीवरून ‘थांब रे’ कोण म्हणायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. वाटी बदलली, काटा आला, पायरी तिथेच राहिली.

आणि मिनिट हे भांडणाचं कारण असतं, हे मुंबईला फार आधी कळलं होतं. १९०६ मध्ये देशभर एकच प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटांनी मागे होती. सरकारने फक्त काटा सरकवायला सांगितला, पण शहराने ते मुकाट्याने ऐकलं नाही. ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकून राहिला. ३९ मिनिटांसाठी पन्नास वर्षं!

त्याआधीची गोष्ट आणखी महत्त्वाची. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्या मांडल्या. त्यांत रविवारची सुट्टी होती आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती. रविवार मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. आज आपण वीकेंडचे प्लॅन करतो, तेव्हा तो रविवार कुणीतरी भांडून आणलेला असतो. दुपारची ती तीस मिनिटं स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात आली : सलग पाच तासांहून जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती.

आता गेटवरच्या त्या मुलाकडे परत या. तो कारखान्यात नाही, म्हणून हा अर्धा तास त्याचा नाही. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग कामगार’ हा शब्द आला खरा, पण तीच व्याख्या त्याला नेहमीच्या मालक-नोकर नात्याच्या बाहेर उभा करते. त्याला भोंगा नाही, सुट्टीची घंटा नाही. बहुतेक ठिकाणी पैसे ऑर्डरमागे मिळतात. म्हणजे माझ्यासाठी तो जी अकरा मिनिटं थांबला, त्यांना कुणाच्याच हिशेबात जागा नाही. माझी रात्र त्यामुळे बिघडली नाही, त्याची पुढची ऑर्डर बिघडली असेल.

कंपन्यांचं म्हणणं असतं की दहा मिनिटांत सामान पोचतं ते गोदाम जवळ असतं म्हणून, गाडी पळवावी लागत नाही. असेल. पण त्या दहा मिनिटांत सोसायटीचं रजिस्टर येतं, ‘सर्व्हिस लिफ्ट वापरा’ची पाटी येते, आणि माझं ‘एक मिनिट हं’ येतं. हा सगळा वेळ कुठून निघणार? रस्त्यातूनच निघणार. खड्ड्यातून, लाल सिग्नलमधून.

तुम्ही म्हणाल, आपण पैसे देतो की. देतो ना, पोचवण्याचे देतो. थांबवण्याचे कुठे देतो? आणि तुम्ही म्हणाल, ‘एक मिनिट’ ही बोलायची पद्धत आहे, शब्दशः कोण घेतं? हाच तर माझा मुद्दा आहे. तुमचं ‘एक मिनिट’ बोलायची पद्धत असतं आणि त्याचं ‘दहा मिनिटं’ हे वचन असतं. तोच शब्द एकाच्या तोंडी सवलत आणि दुसऱ्याच्या मानेवर अट. त्याने एकदा तुम्हाला सांगून बघावं, ‘दहा मिनिटं ही बोलायची पद्धत आहे मॅडम’. किती तारे द्याल?

मला इथे ‘वेळ पाळा’ असं प्रवचन द्यायचं नाही. मित्राला ‘पाच मिनिटांत पोचतो’ सांगताना तुम्ही अजून अंघोळीला गेला नसाल, तर तो तुमच्या दोघांचा मामला. तोही तेच करतो, फिट्टंफाट. माझा वाद फक्त तिथे आहे जिथे समोरच्याला उलटून ‘मीही थांबणार नाही’ म्हणता येत नाही. डिलिव्हरीवाला, वॉचमन, घरकामाच्या ताई, नवीन लागलेली ज्युनियर, बँकेच्या खिडकीसमोरचे आजोबा. अशा माणसाला ‘एक मिनिट’ म्हणायचं असेल, तर ते साठ सेकंदांचंच असलं पाहिजे. नसेल तर खरा आकडा सांगा. ‘दहा मिनिटं लागतील, गेटवर ठेवून जा’ हे वाक्य उद्धट नाही. ‘एक मिनिट’ म्हणून पावसात उभं करणं उद्धट आहे.

आणि घाई नसेल तर दहा मिनिटांचं बटण दाबायची काय गरज? कोथिंबीर अर्ध्या तासाने आली तर भाजीचं काही बिघडत नाही.

एक करून बघा. फोनमध्ये स्टॉपवॉच आहेच. आठवडाभर, कुणालाही ‘एक मिनिट’ म्हटलं की ते चालू करायचं आणि आकडा लिहून ठेवायचा. शेजारी कुणाला म्हटलं तेही लिहायचं. मी करून बघितलं. माझ्या बॉसला मी म्हटलेलं ‘एक मिनिट’ चाळीस सेकंदांत संपलं. आमच्या कचरेवाल्या मावशींना म्हटलेलं सहा मिनिटं चाललं. त्या दारात उभ्या होत्या, हातात डबा होता, आणि खाली अजून पाच मजले बाकी होते.