एअरबॅगचा दिवा विझवू नका, दोष शोधा

मोटार ही आता आपल्या बेटावर चैनीची वस्तू राहिलेली नाही. पुष्कळ घरांपुढे ती उभी असते, आणि अनेकदा जपानमध्ये काही वर्षे वापरून मग इकडे आलेली असते. तिच्यात चालकासमोर एक लहान दिवा असतो: बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे एक गोल. हा एअरबॅगचा दिवा. किल्ली फिरवल्यावर तो काही सेकंद पेटतो आणि विझतो. तो विझलाच नाही तर बहुतेक लोक काय करतात? काहीच नाही. मोटार चालते, ब्रेक लागतो, मग दिव्याचे काय मोठे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही वाचकांना दूर कुवेतमध्ये नेऊ इच्छितो. हवल्ली प्रांतात, सालमियाशेजारी, रुमैथिया ही वस्ती आहे. तेथे मुख्यतः कुवेती कुटुंबे राहतात. अशा घरांतून मोटार चालवायला परदेशी माणूस ठेवण्याची रीत आहे, आणि या कामासाठी भारतातून पुष्कळ लोक जातात. येथे गंमत अशी की मोटार मालकाची, पैसाही मालकाचा, पण दिवा रोज दिसतो तो ड्रायव्हरला. त्याने सांगितले आणि मालकाने मनावर घेतले नाही, तर दिवा महिनोन्‌महिने तसाच राहतो. अपघात झाला तर मात्र चाकामागे ड्रायव्हर असतो आणि मागे मालकाची मुले. ज्याला दिसते त्याच्या हाती पैसा नाही, आणि ज्याच्या हाती पैसा आहे त्याला दिसत नाही.

हा दिवा काय सांगतो ते समजून घेऊ. एअरबॅगला स्वतःचा एक लहान संगणक असतो. तो मोटार सुरू होताच सर्व तारा, पिशव्या, सीटबेल्ट ताणणारी यंत्रे आणि धक्का ओळखणारे सेन्सर तपासतो. कोठे दोष आढळला तर तो नोंद ठेवतो व दिवा पेटता ठेवतो. अशा वेळी यंत्रणेचा काही भाग, कधी कधी सारी यंत्रणा बंद असते. म्हणजे टक्कर झाली तरी पिशवी फुगेलच याची खात्री नाही.

दोष मोठाच असतो असे नाही. बॅटरी अशक्त झाली तरी दिवा लागतो. आसनाखाली पिवळ्या रंगाचे जोड असतात. आसन पुढेमागे सरकवताना किंवा खाली सामान कोंबताना ते सैल होतात. सीटबेल्टच्या कुलपात धूळ वा नाणे अडकते. स्टिअरिंगच्या आत क्लॉक स्प्रिंग नावाची गुंडाळलेली पट्टी असते, ती तुटते. दिव्याबरोबर हॉर्नही बंद पडला तर प्रथम तिचाच संशय घ्यावा. गालिच्याखाली पाणी साचून जोड गंजतात, ही तक्रार आपल्या पावसाळी भागांत विशेष.

दोष कोणता हे अंदाजाने ठरवू नये. एअरबॅगच्या नोंदी वाचणारे स्कॅनर यंत्र लागते. इंजिनचे साधे यंत्र पुष्कळदा त्या वाचत नाही. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरी सोडवून, कंपनीच्या पुस्तिकेत दिला आहे तितका वेळ थांबावे लागते, कारण यंत्रणेत काही काळ वीज साठून राहते. पिशवीच्या तारांना घरगुती मीटर तर कधीच लावू नये. तेवढ्या विजेनेही ती फुटू शकते. तिचा जोर केवढा असतो? डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशी येथे पुढे बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा एअरबॅगच्या धक्क्याने मृत्यू झाला. मुलांची जागा मागच्या आसनावर, आणि हे काम जाणकाराचे.

दुर्दैवाने दुरुस्तीऐवजी दिव्याचेच तोंड बंद करण्याची युक्ती अनेक देशांत चालते. कोणी बल्ब काढतो, कोणी पिशवीच्या जागी लहानसा रेझिस्टर जोडून संगणकाला फसवतो. अपघातात पिशव्या फुटलेली मोटार स्वस्तात घेऊन अशी सजवून विकली जाते. म्हणून जुनी मोटार घेताना किल्ली फिरवून पाहावे. दिवा मुळीच पेटला नाही, तर तो पेटून राहण्याइतकाच संशयास्पद आहे.

पण दिवा विझला म्हणजे सारे कुशल, असेही नाही. जपानच्या ताकाता कंपनीच्या पिशव्यांत अमोनियम नायट्रेटचे मिश्रण वापरले होते. वर्षानुवर्षे उष्णता व दमटपणा सोसून ते बिघडते, मग पिशवी फुगण्याऐवजी धातूचे तुकडे अंगावर उडतात. जगभर सुमारे १० कोटी पिशव्या परत मागवाव्या लागल्या आणि २०१७ साली कंपनीचे दिवाळे निघाले. हा दोष दिवा सांगत नाही, कारण संगणक तारा तपासतो, दारू तपासत नाही. फ्रान्समध्ये या पिशव्यांनी घेतलेल्या बळींपैकी बहुतेक सागरपारच्या उष्ण प्रदेशांतील आहेत. शेजारच्या रियुनियनची हवा आणि आपली हवा यांत फरक तो किती? ज्यांच्याकडे जुनी जपानी वा युरोपीय मोटार आहे, त्यांनी चासी नंबर देऊन विक्रेत्याकडे चौकशी करावी. परत मागवलेल्या पिशवीचा बदल कंपनीच्या खर्चाने होतो.

कुवेतने एप्रिल २०२५ पासून वाहतुकीचे कायदे कडक केले, दंड वाढवले. हे योग्यच झाले. पण दंड रस्त्यावरच्या चुकीला बसतो, घरच्या दुर्लक्षाला नाही. आमचे म्हणणे एवढेच की मोटार ज्याच्या नावावर आहे, दिव्याची जबाबदारीही त्याचीच. चालवणारा पगारी ड्रायव्हर असो, मुलगा असो वा सून असो, त्याने दिवा लागल्याचे सांगितले की त्याच आठवड्यात मोटार तपासून घ्यावी. तोवर सीटबेल्ट लावल्याशिवाय निघू नये. आणि मालक ऐकत नसेल तर चालवणाऱ्याने पुन्हा सांगावे, शक्य तर लिहून सांगावे.