अंधाराची मालकी कोणाची?

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ च्या रामनवमीला जन्मलेल्या नारायण ठोसरांच्या बालपणाची एक आख्यायिका महाराष्ट्रभर सांगितली जाते. मुलगा कुठे दिसेना. अखेर तो आई राणूबाईंना अडगळीच्या अंधाऱ्या खोलीत सापडला आणि काय करतोस असे विचारता आपण जगाची काळजी वाहत आहोत असे म्हणाला. आख्यायिकेच्या खरेखोटेपणाचा वाद येथे नको. लहान मूल अंधारात बसून जगाचा विचार करू शकते हे मराठी लोकमानसाने केव्हाच मान्य केले आहे, एवढाच तिचा येथे उपयोग.

अभिजात बालकथांना भयाण रूप देणारे व्हिडिओ गेम जगभर निघू लागल्यापासून ‘निरागस कथा विटाळल्या’ अशी हाकाटी ऐकू येते. हे खेळ मुळात मुलांसाठी नाहीतच. अमेरिकेत त्यांच्यावर सतरा वर्षांवरील वयाची मोहोर असते. शिवाय त्या कथा तरी कुठे निरागस होत्या? कार्लो कोलोदी यांची ‘पिनोकिओ’ची कथा १८८१ मध्ये रोमच्या एका बालसाप्ताहिकात क्रमशः येऊ लागली, तेव्हा प्रथम ती कठपुतळीला झाडावर फाशी देऊनच संपवली होती. पुढचा भाग नंतर लिहिला गेला आणि पुस्तक १८८३ मध्ये निघाले. त्या कथेत जेपेत्तो भर थंडीत अंगावरचा कोट विकून पोरासाठी अंकलिपी आणतो. ऊसतोडीच्या हंगामात बिऱ्हाड पाठीवर घेऊन जाणाऱ्या मराठवाड्यातील बापाला हा प्रसंग कोणी समजावून सांगावा लागणार नाही. आपल्या कथांतही म्हातारीला खायला वाघ टपलेला असतोच. दारिद्र्य, भूक आणि मृत्यू बालकथांत पहिल्यापासून आहेत. ते पुसून गुळगुळीत करण्याचा उद्योग बव्हंशी डिस्नेसारख्या चित्रपट-भांडवलदारांचा.

तेव्हा काळोखाबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. २०११ च्या ‘अ‍ॅलिस : मॅडनेस रिटर्न्स’ या खेळात लंडनमधील अनाथ मुलांच्या स्मृती पुसून त्यांना वेश्याव्यवसायात विकणारा डॉक्टर आहे. बालकांच्या शोषणाचे इतके उघड चित्र सोज्वळ बालवाङ्मयात क्वचितच सापडते. २०२३ मध्ये दक्षिण कोरियाच्या निओविझ कंपनीने आणलेल्या ‘लाइज ऑफ पी’मध्ये तर शहराची सारी कष्टाची कामे कठपुतळ्या करतात आणि एके दिवशी त्याच धन्यांवर उलटतात. विषय सरळ वर्गसंघर्षाचा. परंतु खेळणाऱ्याने करायचे काय, तर या कठपुतळ्यांचा एकेक करून निःपात. शिवाय ते बंड खुद्द जेपेत्तोनेच घडवून आणल्याचे पुढे उघड होते; म्हणजे राबणाऱ्यांना स्वतःहून बंड करण्याचेही श्रेय नाही! या खेळाची अमेरिकेतील किंमत साठ डॉलर, त्या वेळच्या दराने सुमारे पाच हजार रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीची २०२३-२४ ची मजुरी दिवसाला २७३ रुपये होती. अठरा दिवस माती उपसावी तेव्हा ती रक्कम हाती येते.

खरा प्रश्न मालकीचा आहे. लुईस कॅरॉल यांचे १८६५ चे पुस्तक आज साऱ्या जगाचे आहे. स्वामित्वहक्क केव्हाच संपले. त्यावर अमेरिकन मॅगी यांनी २००० मध्ये पहिला काळोखा खेळ रचला, त्याचे हक्क मात्र इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बलाढ्य कंपनीकडे राहिले. तिसऱ्या भागासाठी मॅगी यांनी चाहत्यांच्या वर्गणीवर काही वर्षे खपून शेकडो पानांचा आराखडा केला. २०२३ मध्ये कंपनीने पैसे देण्यास नकार दिला आणि हक्क दुसऱ्यास देण्यासही. गायरानातून माती न्यावी, तिची भिंत बांधावी आणि मग ती रचणाऱ्या गवंड्यालाच आत पाऊल टाकू नये म्हणून बजावावे, असा हा व्यवहार. मजुरीचेही तेच. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या, अरबी कथांच्या वळणाच्या जुन्या खेळाची नवी आवृत्ती युबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई येथील स्टुडिओंतील मंडळी घडवत असल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला हलवण्यात आले. निर्णय पॅरिसच्या कंपनीचा. येथील कारागिरांचा त्यात काय शब्द?

आपल्या घरचे गायरान अजून मोकळे आहे. साने गुरुजींचे निधन १९५० चे. साठ वर्षांची कायदेशीर मुदत संपून त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांचे झाले. चिमणी-कावळ्याच्या आणि भोपळ्यातील म्हातारीच्या कथांना तर धनी कधी नव्हताच. उद्या एखादी कंपनी त्यांवर खेळ काढील, नाव आणि चित्रे नोंदवून घेईल, आणि गावातल्या पोरांना आजीची गोष्ट जाहिरातींसह मोबाइलवर विकत मिळेल. बालभारतीने ‘किशोर’चे १९७१ पासूनचे जुने अंक महाजालावर विनामूल्य खुले केले, हे सार्वजनिक संस्थेला काय करता येते त्याचे उदाहरण आहे. त्याच धर्तीवर मराठवाड्यातील लोककथा सांगणाऱ्यांच्या तोंडून ध्वनिमुद्रित करून, त्यांवर बेतलेली कोणतीही कृती पुन्हा सर्वांसाठी खुली राहील या अटीवर प्रसिद्ध कराव्यात, अशी मागणी शासनाकडे झाली पाहिजे. त्यात भीतीच्या गोष्टी गाळू नयेत. साने गुरुजी कथामालेच्या कार्यकर्त्यांनी शासनाची वाट न पाहता कामाला लागावे. जांब समर्थला रामनवमीच्या उत्सवात पंचक्रोशीतल्या म्हाताऱ्या बाया आयत्याच एकत्र येतात. सुरुवात तेथून करण्यास अडचण नाही.